आत्याचं दुसरं मरण

माझी आत्या दोनदा वारली. पहिल्यांदा मालेगावला, स्वतःच्या घरी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, सगळ्या सुनांना नावं ठेवून झाल्यावर. दुसऱ्यांदा सात वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी, दमणच्या किल्ल्याच्या भिंतीवर. पहिल्या मरणाशी माझा काहीही संबंध नव्हता. दुसरं मात्र सर्वस्वी मी घडवून आणलं, आणि त्याला कारण निमकर.

निमकर म्हणजे आमचे शेजारी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिल्वासाजवळ राखोलीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो आणि सामरवरणीला बारा बिऱ्हाडांच्या एका कॉलनीत राहत होतो. कोणी नाशिकचं, कोणी धुळ्याचं, कोणी जळगावचं, पण सगळी मराठी. निमकर पुण्याहून आले ते आमच्याच कारखान्यात, माझ्याच हुद्द्यावर, आणि राहायला आमच्या समोरच्या दारात. इथवरही मी सोसलं असतं. पण त्या माणसाला एक वाईट खोड होती. मी जे काही करीन ते तो आठ दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं करायचा, आणि तेही मुद्दाम नव्हे! मी जुनी स्कूटर घेतली (ती सुरू करायला दोन माणसं लागत, एक किक मारायला आणि एक देवाचं नाव घ्यायला). निमकरांनी लाल मोटार आणली आणि पहिली चक्कर आमच्या लेकीला, चिऊला, मारून आणली. मी तेलाच्या डब्यात टोमॅटो लावले. दोन आले, त्यातला एक पोपटाने नेला. निमकरांनी बारा घरांत टोमॅटो वाटले, वर आमच्याकडे दोन जास्त दिले, "तुमचं पाहूनच मला सुचलं हो," म्हणून.

माणूस वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं! पण निमकर कोणाच्याही मदतीला धावायचे, हसतमुख असायचे, आणि माझी स्कूटर ढकलायलाही तेच यायचे. चांगल्या माणसाचा हेवा करण्यासारखं कष्टाचं काम नाही. तोंडाने कौतुक करावं लागतं आणि जळफळाट एकट्याने सोसावा लागतो.

त्या वर्षी निमकर सहकुटुंब दमणला जाऊन आले. जेटी, बाजार, समुद्र, सगळीकडचे फोटो काढून त्यांनी अल्बम केला. तो अल्बम आमच्या हिने चार वेळा पाहायला आणला. चौथ्या वेळी ती मिसेस निमकरांच्या टोपीवर बोट ठेवून म्हणाली, "हौस लागते हो माणसाला! निमकर भाऊजी बघा. नाहीतर आम्ही! लग्नाला आठ वर्षं झाली. कुठे नेलंत?"

"वापीला नेलं होतं की."

"शेगडी दुरुस्त करायला!"

मी अल्बमचं पान उलटलं. पण ती अल्बम पाहत असताना तिचा चेहरा कसा खुलायचा ते मी पाहत होतो. मला फक्त एकच हवं होतं. निमकर जिथे गेले नाहीत अशा एखाद्या जागी मी तिला आधी न्यावं, आणि तो खुललेला चेहरा एकदा तरी माझ्या खाती जमा व्हावा.

जागा सांगितली आमच्या खात्यातल्या, कॉलनीतच राहणाऱ्या बोरसे फिटरने. तो धुळ्याकडचा, मोजकं बोलणारा. म्हणाला, "साहेब, मोटी दमणच्या किल्ल्यावर पुढच्या अंगाले समदे जाता. मांगच्या अंगाले भित आहे ना, तिथं कुत्रं बी नई फिरकत. वर चढायचं, निवांत बसायचं. इकडून खंदक, तिकडून समुद्राचा वारा."

"निमकर साहेब गेलेत तिथे?"

"त्याहीले कुठं म्हाईत!"

मी बोरसेला तिथल्या तिथे चहा पाजला. पोर्तुगीजांनी चारशे वर्षांपूर्वी ती भिंत माझ्यासाठीच बांधली होती, याबद्दल माझी खात्री झाली.

आता एकच भीती होती. निमकरांना कळलं असतं तर ते नक्की म्हणाले असते, "अरे वा! चला, आपण सगळेच जाऊ, माझी गाडी आहे!" म्हणजे गाडी त्यांची, कॅमेरा त्यांचा, आणि मी मागच्या सीटवर मांडीत पाण्याचा कॅन धरून! तेव्हा सहल गुप्त ठेवायची असं मी ठरवलं. शुक्रवारी आम्हा सगळ्यांचीच साप्ताहिक सुट्टी, म्हणजे अख्खी कॉलनी घरी. सकाळी सकाळी पिशव्या घेऊन निघालो की विचारणारच. काहीतरी सांगणं भाग होतं.

"कोणीतरी आजारी आहे असं सांगू," मी म्हणालो. "तुझी मावशी."

"माझी मावशी का? अमंगळ बोलू नका! तुमच्याकडचं घ्या की कोणी."

बराच वेळ आम्ही दोन्हीकडच्या नातेवाइकांची यादी चाळली. जिवंत माणसाला उगाच आजारी पाडायला मन धजेना. शेवटी मला मालेगावची आत्या आठवली. तिला आता काही होण्यासारखं उरलं नव्हतं! आजारी पाडायला इतकी सुरक्षित बाई सगळ्या खानदानात दुसरी नव्हती. सिल्वासा स्टँडवर कोणी आम्हाला पाहिलं तर दमणकडेच जाताना पाहणार, म्हणून आत्याला दमणच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. सगळं कसं चोख, कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवताना शटडाऊनचा आराखडा करावा तसं.

फक्त एक गोष्ट विसरलो. आमच्या कॉलनीत कोणाचंच कोणी जवळ नव्हतं, सगळ्यांचे नातेवाईक दीडशे-दोनशे किलोमीटर लांब. म्हणून पहिल्यापासून रीतच पडून गेली होती की एकाचा नातेवाईक तो बाराही घरांचा नातेवाईक. वापी, दमण, वलसाड, कुठेही कोणी दवाखान्यात असो, सुट्टीच्या दिवशी सगळी कॉलनी मोसंबी आणि ग्लुकोज बिस्किटं घेऊन भेटायला जाणार म्हणजे जाणार. मी स्वतः असल्या सतरा अनोळखी म्हाताऱ्यांच्या उशाशी उभा राहून "आता चेहऱ्यावर तेज आहे" असं म्हणून आलो होतो. तरीही त्या वेळी हे डोक्यात आलं नाही. माणूस जळायला लागला की डोकं आधी जळतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पडेल चेहऱ्यांनी निघालो. हिने अंगावर जुनी साडी नेसली होती आणि नवी जांभळी पिशवीच्या तळाशी दडवली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड आत्याच्या पथ्याचं म्हणून डब्यात बांधलं होतं. समोरचं दार उघडलं. निमकर!

"पाटणकर, काय झालं? इतक्या सकाळी?"

"आत्या," मी म्हणालो. "दमणला. ॲडमिट आहे."

"अरे बाप रे! थांबा, गाडी काढतो."

"नको नको! तिला... पेट्रोलचा वास चालत नाही."

"त्यांना कुठे गाडीत बसवायचंय?"

"आमच्या अंगाला लागतो ना तो वास!" (आजही मला हे वाक्य आठवलं की मी पंखा लावतो.) निमकरांनी मान डोलावली. त्यांच्या मिसेसनी धावत येऊन मऊ भाताचा डबा हातात कोंबला. निमकर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. काळजी करू नका." यातलं "पुढे व्हा" तेवढं मी नीट ऐकायला हवं होतं.

वापीच्या स्टँडवर ही बायकांच्या खोलीत गेली ती जुन्या साडीत, आणि बाहेर आली ती जांभळ्या साडीत, गजरा माळून. मी गॉगल चढवला. चिऊ नुसती उड्या मारत होती. दमणच्या रिक्षावाल्याला किल्ल्याची मागची बाजू सांगितली तर तो म्हणाला, "त्यां तो कोई जतुं नथी, साहेब. त्यां शुं छे?"

"एटले तो! म्हणूनच तर!" मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण नेलं.

आणि खरं सांगतो, बोरसेने सांगितलं त्याहून जागा सुंदर होती. काळ्याशार दगडांची रुंद भिंत, वर चढायला मोडका उतार, खाली खंदकात माजलेलं गवत, आणि चिटपाखरूही नाही. (म्हणजे एक कावळा होता. त्याचं पुढे येतंच.) बुरुजावर सावली धरून आम्ही चादर अंथरली. हिने वाऱ्यावर उडणारा पदर सावरला, लांबवर समुद्राची रेघ पाहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू तसाच खुलायला लागला. अगदी तसाच! आठ वर्षांत पहिल्यांदा! "अहो," ती म्हणाली, "किती छान आहे हो! हे तुम्ही शोधलंत?"

मी नम्रपणे गॉगल पुसला. तो कावळा मधेमधे पुऱ्यांवर झेप घ्यायचा आणि मी त्याला वर्तमानपत्राची सुरळी करून हाकलायचो. सात वेळा हाकलला. आठव्या वेळी खडाच मारला. एवढा आनंद मला झेपत नव्हता. ताटं वाढली, श्रीखंडाचं झाकण उघडलं, आणि चिऊ खाली बोट दाखवून ओरडली, "बाबा, निमकर काका!"

खंदकाच्या कडेने माणसं येत होती. सगळ्यांत पुढे बोरसे, त्याच्यामागे निमकर धावत, मग मिसेस निमकर, मग चाळीसगावच्या खैरनार आजी (कॉलनीत कोणाचंही बारसं, मुंज, मयत असो, शास्त्र त्या सांगायच्या), आणि मागे उरलेली कॉलनी, प्रत्येकाच्या हातात मोसंब्यांची जाळी. चौदा माणसं! ती आधी दवाखान्यात गेली होती. तिथे आत्या नव्हती, आम्ही नव्हतो. आत्या नाही आणि आम्हीही नाही, यावरून निमकरांनी काढायचा तो निष्कर्ष काढला. तेवढ्यात बोरसे म्हणाला, "साहेबांनी माले किल्ल्याची मांगची भित इचारली होती," आणि निमकर तडक किल्ल्याकडे धावले.

ते धापा टाकत वर आले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. "पाटणकर! कठड्यापासून लांब या आधी! दुःखात माणूस उंच जागी जातो, मला माहीत आहे. कधी गेल्या?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. खरं सांगायचं, किंवा आत्याला मारायचं. मी हिच्याकडे पाहिलं. ती गजरा काढून मुठीत लपवत होती. मी आत्याला मारलं.

"सकाळीच," मी म्हणालो. गॉगलखालून एक थेंबही आला. तो भीतीचा होता, पण निमकरांना कुठे माहीत!

"दवाखान्यात नाव नव्हतं त्यांचं."

"माहेरच्या नावाने दाखल केलं होतं."

"आणि आता... त्या कुठे?"

"मुलगा घेऊन गेला. मालेगावला."

खैरनार आजींचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या चादरीकडे पाहत होत्या. "काय रे भाऊ, अन् हे काय? पुऱ्या? श्रीखंड?"

सगळी कॉलनी चादरीकडे पाहायला लागली. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. "पान आहे," मी म्हणालो. "आत्याच्या नावाचं. कावळ्याला."

"आजच? ते तर दहाव्याला राहतं!"

"आमच्यात लगेच ठेवतात."

"कोनत्यात?"

"म्हणजे... आमच्या घराण्यात."

आजींनी जन्मात असलं घराणं ऐकलं नव्हतं. पण मयताच्या दिवशी वाद घालू नये, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बसकण मारली. "ठेव मंग. कावळा शिवेस्तोवर आम्ही बी थांबतो."

मी एक भरलेलं ताट उचललं आणि भिंतीच्या टोकाला नेऊन ठेवलं. सगळे हात जोडून बसले. कावळा समोरच होता. पण सकाळपासून ज्याला मी सात वेळा हाकलला आणि आठव्यांदा खडा मारला, तो आता कशाला येतोय! लांबच्या एका दगडावर बसून तो एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ऊन चढलं. पुऱ्यांच्या वासाने माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि खरा कावळा ढिम्म!

"बाबा, श्रीखंड कधी?" चिऊने विचारलं. हिने तिला चिमटा काढला, तेव्हा ती रडली. "पोरीचा किती जीव होता आजीवर!" असं म्हणून मिसेस निमकरही रडल्या. (चिऊ तेव्हा सहा वर्षांची. तिचा आत्याआजीवर जीव असायला ती एक वर्ष उशिरा जन्मली होती!)

"काही इच्छा ऱ्हायली असंन त्याहीची," आजी म्हणाल्या. "शब्द दे, भाऊ. त्याबिगर नई शिवणार."

मी उभा राहिलो. "आत्या, तुझ्या नावाने अन्नदान करीन." कावळा हलला नाही. "चिऊला खूप शिकवीन." नाही. "मालेगावला वर्षातून एकदा जाईन." कावळ्याने पाठ फिरवली.

तेवढ्यात मागून हिचा आवाज आला. "आत्यांच्या मनात फार होतं... सुमनला शिलाई मशीन घेऊन दे, म्हणायच्या."

सुमन म्हणजे ही स्वतःच! मी चमकून मागे पाहिलं. हिचे डोळे पाण्याने डबडबलेले! चौदा साक्षीदार माना हलवत होते. "मग द्या की शब्द, पाटणकर," निमकर म्हणाले. "गेलेल्या माणसाची इच्छा आहे."

"घेऊन देतो," मी दात आवळून म्हणालो. कावळ्याने पंख झटकले, पण आला नाही. त्याला मशीनशी काही घेणं नव्हतं.

मग निमकर उठले. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या भाच्याची काळजी करू नका. मी आहे इथे. मी बघतो त्यांच्याकडे."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो कावळा उडाला, ताटावर उतरला आणि पुरी घेऊन गेला!

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजी म्हणाल्या, "पाह्यलं? विश्वास पाहिजे मानसावर." बायकांनी डोळे पुसले. आणि मी? सख्ख्या आत्याला सख्ख्या भाच्यापेक्षा निमकरांचा भरवसा जास्त! ती सात वर्षांपूर्वी वारली आहे, कावळा मला ओळखून होता, निमकरांचा आणि तिचा काडीचा संबंध नव्हता, हे सगळं कळत असूनसुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या क्षणी मेलेल्या आत्यावर, जिवंत निमकरांवर आणि त्या कावळ्यावर, तिघांवरही मनापासून जळलो. आणि हळूच हिच्याकडे पाहिलं, तर ती निमकरांकडे पाहत होती. चेहरा खुललेला.

उरलेल्या पुऱ्या आणि श्रीखंड कॉलनीने प्रसाद म्हणून वाटून खाल्लं. "तुम्ही नका खाऊ गोड, पाटणकर," म्हणून माझ्यापुढे मिसेस निमकरांनी मऊ भाताचा डबा उघडून ठेवला. परत येताना आम्ही निमकरांच्याच गाडीत बसलो. मागच्या सीटवर, मांडीत पाण्याचा कॅन. पुढे तीन दिवस बाराही घरांनी आमच्याकडे चूल पेटू दिली नाही. दोन्ही वेळा बिनफोडणीचं वरण आणि भात दारात हजर! चिऊ आणि ही समोर निमकरांकडे जाऊन जेवायच्या, "लहान लेकरू आहे, वहिनी, तुम्ही या तिला घेऊन," म्हणून. महिन्याभरात मशीन आलं. त्यावर हिने पहिला शिवला तो मिसेस निमकरांचा ब्लाऊज.

ती भिंत मात्र निमकरांच्या मनात भरली होती. सूतक फिटताच ते म्हणाले, "इतकी शांत जागा आणि आपल्याला माहीत नव्हती! सगळ्यांनी जायला हवं." मग दर हिवाळ्यात कॉलनीची सहल तिथेच जायला लागली. निमकर गाड्या ठरवायचे, निमकर सावलीची जागा धरायचे, निमकर अल्बम करायचे. दोन-तीन वर्षांत त्या बुरुजाला आमच्या कॉलनीत सगळे "निमकर पॉइंट" म्हणायला लागले. आमची हीसुद्धा! नाशिकचे पाहुणे आले की ती सांगायची, "निमकर भाऊजींनी काय जागा दाखवली म्हणून सांगू!" मी पाहुण्यांपुढे चिवडा सरकवायचो. जागा मी शोधली म्हणावं, तर त्या दिवशी मी तिथे गॉगल लावून काय करत होतो ते सांगावं लागलं असतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास कॉलनीत एक तरुण इंजिनिअर नव्याने आला. त्या वर्षी सहलीला भिंतीवर उभा राहून तो म्हणाला, "सर, काय स्पॉट आहे! शोधला कोणी?" तेरा बोटं निमकरांकडे वळली. चौदावं माझं होतं, तेही वळलं. निमकर लाजले. "छे छे, माझं काही नाही," ते म्हणाले, "खरं श्रेय पाटणकरांच्या आत्याबाईंचं. त्या नसत्या तर आपण इथे आलोच नसतो." खैरनार आजींनी त्याला कावळ्याची सगळी कथा सांगितली आणि सगळ्यांनी आत्यासाठी हात जोडले. मीही जोडले. म्हणजे त्या भिंतीवर पहिला मान निमकरांचा, दुसरा माझ्या आत्याचा, जिने हयातीत मनमाडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिसरा नंबर माझा लागायला हरकत नव्हती, पण नव्या मुलाने खिशातून वही काढून विचारलं, "आणि सर, तो कावळा नेमका कुठे बसला होता?"